तुझ्या मामाचं खरं काय ते

बाळा,

फोनवर बोलणार होते पण फोनवर तू नुसता हो आई हो आई करतोस आणि मागं कुणीतरी इंग्रजीत बोलत असतं, म्हणून टाईप करून पाठवतेय. व्हॉइस टायपिंग अर्धं चुकतंय, समजून घे. जेवण झाल्यावर सावकाश वाच, ऑफिसात वाचू नको.

मामा गेला त्या रात्री तू स्टेटस ठेवलंस ना, आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेतला त्याचा गॉगलवाला फोटो आणि खाली लिहिलंस "आयुष्यभर एकीवरच प्रेम केलेला माणूस". ते मामीनं बघितलं. कुणी दाखवलं नाही तिला, तिच्या मोबाईलमध्ये तुझा नंबर आहे की रे, तिला आपोआप दिसलं. दारात माणसं बसलेली, तिनं बघितलं, मोबाईल उलटा ठेवला आणि चहाचे कप गोळा करायला उठली. ती "एक" कोण हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि ती मामी नव्हती.

रागवायला नाही लिहित. ते स्टेटस काढ एवढं म्हणून मी थांबले असते, पण मग वाटलं तुला गोष्ट अर्धीच माहितीये आणि ती अर्धी पण त्यानंच सांगितलेली, रंगवून. तू त्याचा लाडका. कॉलेजला असताना त्याच्यासोबत पार्क चौपाटीवर बसून तू काय काय ऐकलंस मला माहितीये, घरी येऊन डोळे चमकायचे तुझे. आता तो नाही तर कुणीतरी सरळ सांगायला पाहिजे आणि तुझे पप्पा काय सांगणार नाहीत, ते मामाचा विषय निघाला की पेपर उघडतात.

आधी हे सांगते की तुला दिसलेला मामा काय खोटा नव्हता. गड्ड्यात तुला खांद्यावर बसवून नंदीध्वज दाखवणारा, आकाशपाळण्यात बसून तुझ्यापेक्षा जास्त ओरडणारा, तो खराच होता. आणि कारागीर म्हणशील तर अख्ख्या एमआयडीसीत त्याच्या तोडीचे जॉबर, लूम दुरुस्त करणारे, हाताच्या बोटावर असतील. जेकार्डचा लूम, म्हणजे नक्षी विणणारा माग, तो कानानं ऐकायचा. शेडमध्ये शंभर लूम धडधडताना हा दारातनं म्हणायचा, तिसऱ्या रांगेतल्याची पिकिंग स्टिक ढिली झालीय. आणि असायची. तुला आठवतंय का, डिझाईनचे पत्ते दाखवले होते त्यानं, भोक असलं की हूक वर, धागा वर, भोक नसलं की धागा खालीच, असे एकामागं एक पत्ते फिरले की चादरीवर मोर उठतो. तू इंजिनिअरिंगला गेल्यावर मला येऊन सांगितलंस की आई हे तर कॉम्प्युटरचंच आहे, फ्रान्समधल्या जॅकार्डनं 1804 ला पेटंट घेतलं, पुढं कॉम्प्युटरला पण असेच भोकाचे पत्ते लावायचे. मामाला सांगितलंस तर तो म्हणाला, मग मी कधीचा इंजिनिअर आहे की बे, पगार कुठंय माझा. हसवायचा खूप. मेल्यावर पण त्याचे जोक आठवून लोक हसत होते, स्मशानात.

तर ती मुलगी. आम्ही साखर पेठेत राहायचो, तुझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलला. तिचं घर पलीकडच्या बोळात, पद्मशाली लोकं, घरात तेलुगू, अंगणात हातमाग. मी तिला चांगली ओळखायचे, माझ्यापेक्षा लहान, वेणीत कायम अबोलीचा गजरा. दोघांचं होतं काहीतरी, नाही म्हणत नाही मी. चिठ्ठ्या होत्या, थिएटरला एकदा गेले होते, सिद्धेश्वर तळ्याच्या काठाला बसायचे. तिला पण तो आवडायचा, हे मी शपथेवर सांगते. मग कळलं घरात, आणि त्या काळात जसं व्हायचं तसं झालं, पटकन स्थळ बघितलं आणि तिला भिवंडीला दिली. 1993 ला. तिथं पद्मानगर म्हणून भाग आहे, सगळी आपल्याकडनं आणि तेलंगणातनं गेलेली विणकर माणसं, तिथं तिच्या सासऱ्याचे लूम होते.

इथपर्यंत तो बिचाराच. आम्ही सगळे हळहळलो, तुझी आजी तर त्याच्यासाठी रडली.

पण पुढं काय केलं बघ. मिलचं तेव्हा काय खरं राहिलं नव्हतं, आजोबांचा पगार कधी व्हायचा कधी नाही, घरात कमावणारा एक हाच. आणि हा एक दिवस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघून गेला. कल्याणला उतरून भिवंडी. तिथं लूमवर काम धरलं, काम काय त्याला कुठंही मिळायचं, आणि तिच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी जाऊन बसायचा. नुसता बसायचा, बोलायचा नाही. तुला सांगताना त्यानं हेच सांगितलं असणार, "मी फक्त बसायचो, एक शब्द बोललो नाही." लई मोठी गोष्ट असल्यासारखं सांगायचा ते. तो बसून उठला की त्या घरात काय व्हायचं हे त्यानं कधी विचारलं नाही. नवऱ्याला कळायला किती वेळ लागतो, बाजूच्या बायका आहेतच सांगायला. तिचा बाप सोलापुरात आमच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आजोबांना म्हणाला पोराला आवरा, माझ्या पोरीला मारतात तिकडं. आजोबा मिलमध्ये संपात पोलिसांपुढं उभे राहिलेले, त्या दिवशी त्यांची मान खाली गेलेली मी बघितली.

मग आजोबा आणि मी जाऊन त्याला घेऊन आलो. मी का, तर तो फक्त माझं ऐकायचा म्हणून. तिला मी खिडकीत बघितलं, पोटुशी होती, मला बघून तिनं खिडकी लावून घेतली. मी मामाला म्हणलं बघितलंस का, तर तो काय म्हणाला माहितीये? "अक्का, तिनं मला रडताना बघू नये म्हणून लावली." म्हणजे त्याचं सगळं असं होतं. ती नाही म्हणाली की घरच्यांचं दडपण, गप्प बसली की डोळ्यातनं बोलली, तोंड फिरवलं की रडायला आलं असेल. असल्या माणसाला कोण काय समजावणार? तिचं कुठलंच उत्तर त्याला उत्तर वाटत नव्हतं.

त्याचं लग्न करून दिलं. सगळ्यांना वाटलं संसारात पडला की विसरेल, आपल्याकडं हा एक इलाजच आहे ना, पोरगं बिघडलं की लग्न करा. पोरगीच्या नशिबाचा विचार नंतर. मामीला कुणी काय सांगितलं नव्हतं. तिला कळलं कसं, तर त्यानं स्वतःच सांगितलं, पहिल्याच महिन्यात, आपण किती खरं बोलणारा माणूस आहे म्हणून. तू हे पण ऐकलं असशील, "मी तुझ्या मामीला कधी फसवलं नाही." नाही फसवलं. सांगून टाकलं आणि मोकळा झाला, आणि ओझं तिच्या डोक्यावर. घरात कधी आमटी खारट झाली तरी तिला वाटायचं आपलं त्या दुसरीशी मोजमाप चाललंय.

मामीनं काय केलं ते तुला दिसायचं पण लक्षात आलं नसेल. पहाटे उठून तेंदूपत्ता भिजवायचा, पत्रा ठेवून कातरायचा, दुपारभर तंबाखू भरून विड्या वळायच्या, हजार पुऱ्या झाल्या की कारखान्यात द्यायच्या, तिथं खराब म्हणून काढलेल्या वेगळ्या. मान मोडते, डोळे जातात, तंबाखूची धूळ छातीत बसते. मामा चांगलं कमवत होता रे पण त्याचा पैसा घरात यायचा तसा जायचा. मधेच गायब व्हायचा. कुणी सांगायचं भिवंडीत दिसला, कुणी सांगायचं सुरतेला. परत आला की मोठी पिशवी भरून आणायचा, त्यांच्या छोटीला फ्रॉक, मामीला साडी, तुला क्रिकेटची बॅट. ती बॅट तुला आठवते. मामी त्या वेळी किराण्याची उधारी फेडत होती ते तुला आठवणार नाही, आठवायचं काय कारण पण नाही, लहान होतास.

एक गोष्ट मात्र देवाच्या कृपेनं चांगली झाली, खरं तर देवाच्या नाही, त्या बायकांच्या मोर्चांच्या. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली ना, गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत, कामगार पुढारी आडम मास्तरांच्या मागं मामी किती वेळा कलेक्टर ऑफिसवर गेलेली, छोटी कडेवर. 2006 ला मनमोहन सिंग आले होते चाव्या द्यायला, एवढा मोठा पंतप्रधान आणि आपली मामी मांडवात बसलेली. घर तिच्या नावावर. विडी कामगार ती, तो नव्हे. तो आल्यागेल्याला माझं घर माझं घर म्हणून दाखवायचा. पण पुढं सावकाराकडं ठेवायला कागद मागितले तेव्हा मामीनं सही नाही केली. पहिल्यांदा आणि शेवटची ती त्याला स्पष्ट नाही म्हणाली. दोन दिवस जेवला नाही तो. आज ते घर आहे म्हणून छोटी नर्सिंगला आहे, नाहीतर कुठं असत्या त्या दोघी विचार कर.

आणि आता जरा अवघड आहे पण सांगते. तुझं 2016 चं हॉस्टेलचं डिपॉझिट. मामा रात्री दारात आला आणि टेबलावर पैसे ठेवले, भाच्याच्या शिक्षणाला कमी पडू देणार नाही म्हणाला, तू त्याच्या गळ्यात पडलास. ते मामीच्या भिशीचे पैसे होते. तिला न विचारता घेतलेले. मला वर्षानं कळलं, ते पण शेजारणीकडनं, मामीनं शब्द काढला नव्हता. तुझ्या पप्पांनी सगळे परत केले, तेव्हापासून ते त्याच्याशी नीट बोलले नाहीत. तू अपराधी वाटून घेऊ नकोस, तुझा काय संबंध. पण तो दिलदार होता असं तू लिहितोस तेव्हा कुणाच्या जिवावर हे तुला माहीत असू दे.

गड्ड्याचं एक सांगते. सिद्धेश्वर महाराजांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला, महाराज योगी, ते म्हणाले माझ्या योगदंडाशी लग्न कर, म्हणून भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. एका वर्षी अक्षता टाकून आम्ही सगळे होम मैदानावर बसलो होतो, शेंगा खात, आणि मामाला आला रंग. म्हणाला बघ अक्का, काठीशी लग्न करून निभावलं तिनं, याला म्हणतात प्रेम, मी पण त्यातलाच. नऊशे वर्षं झाली तरी लोक नाव काढतात. आम्ही काय बोलणार. मामी शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "आणि उद्या होमात कोण जातंय? बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून तिलाच जाळतात की. काठी राहती." 

बास. एवढंच. मामा हसला आणि पाळण्याची तिकिटं काढायला गेला. मी मात्र तेव्हापासून संक्रांतीला होम बघायला जात नाही.

शेवटच्या पाच-सहा वर्षांचं तुला माहीत नाही कारण तू बेंगलोरला होतास. तिचा नवरा वारला. मामाला कुणीतरी सांगितलं. मग लॉकडाऊन लागला, लूम बंद, हातात मोबाईल, तुझाच जुना. त्यानं फेसबुकवर तिच्या मुलीला शोधून काढलं, तिथनं नंबर, मग रोज गुड मॉर्निंग, फुलं, जुनी गाणी. ती ब्लॉक करायची, हा दुसरं सिम घ्यायचा. हप्त्यावर घेतलेल्या दोन लूमांपैकी एक विकला, भंगारवाल्यानं किलोवर नेला, ज्या लूमला तो तेल लावताना कुणाला हात लावू द्यायचा नाही तो असा गेला. त्या पैशात भिवंडीत खोली घेतली भाड्यानं. पन्नाशीचा माणूस. शर्ट इस्त्री करून त्याच टपरीसमोर, टपरी पण राहिली नव्हती तिथं, मोबाईलचं दुकान झालेलं.

तेव्हा तिचा मला फोन आला. एवढ्या वर्षांत पहिला. आवाज पण ओळखला नाही मी. म्हणाली, "अक्का, मी त्यांना कधी बोलावलं नाही. पहिल्या वर्षी पण नाही. तो कोपऱ्यावर दिसला की मला मार बसायचा, मी भाजी आणायला जायचं सोडलं. आता कुठं मी एकटी खाली उतरते, सुनेसोबत बाजारला जाते. त्यांना सांगा ना मला जगू द्या." मी त्याला शब्दाला शब्द सांगितलं. तो ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाला, सून शेजारी असेल, म्हणून असं बोलली.

मी त्याला विचारलं तिच्या मुलांची नावं काय सांग. मुलीचं माहीत होतं, फेसबुकमुळं. मुलाचं नाही. तिला शुगर आहे माहीत होतं? नाही. नवरा कशानं गेला? नाही. त्याच्या डोक्यात ती एकोणीस वर्षांचीच होती, अबोलीवाली, तळ्याच्या काठाला बसलेली, आणि भिवंडीतली ही चष्म्यातली बाई त्याला मधे येत होती असंच म्हणावं लागेल. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीपायी त्यानं दोन खऱ्या बायकांचे हाल केले. स्वतःचे पण केले, नाही असं नाही. तिकडनं परत आला तो पिऊनच, आधी शिंदी, मग काय मिळेल ते. मग कावीळ, पोटात पाणी, पुढचं तुला मी फोनवर सांगत होतेच.

दवाखान्यात मामीच होती. रात्री खाली चटई टाकून. त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाहिजे होती, डॉक्टर नको म्हणायचे, ही भाकरी दुधात कुस्करून चार घास भरवायची. तुला वाटत असेल शेवटी तरी त्यानं तिचा हात धरून माफी मागितली. लोक आता असं सांगतायत पण. मी तिथंच होते, तसं काय झालं नाही. तो लूमचं बोलायचा, बीम संपत आलंय, ताणा जोडायला माणूस बोलवा. एकदा मला म्हणाला अक्का तू दमलीस, घरी जा. तेवढाच माझा भाऊ मला परत मिळाला, अर्ध्या मिनिटासाठी. मी बाहेर जाऊन खूप रडले. माझ्या पाठीवरचा तो, त्याला चालायला मी शिकवलेलं. त्याचा राग येतो आणि त्याच्या आवाजाची आठवण येते, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं खरं हे मी आता बघत बसणार नाही.

लोकांचं म्हणशील तर दोनच पार्टी आहेत. एक म्हणते देवमाणूस, असं प्रेम आता कुठं. दुसरी म्हणते वाया गेलेला, बरं झालं सुटली ती. मला दोन्ही नको आहेत. हात सोन्याचे होते, मनानं लहान पोरगं होता, आणि एका माणसाचं "नाही" त्याला तीस वर्षं ऐकू आलं नाही. लूमचा एवढासा आवाज ऐकणारा माणूस तो.

आता कामाचं. रविवारी तेरावं आहे. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट बघ, तत्काळला तरी मिळेल, सकाळी पोचतोस. आल्यावर मामीशी प्रेमाबिमाचं काय बोलू नकोस, छोटीच्या फीचं बोल, दुसऱ्या वर्षाची भरायची आहे आणि तिच्या तोंडातनं निघणार नाही. तुझ्या पगारातनं किती जमतं ते आधी मला सांग, बाकीचं मी आणि पप्पा बघतो. पप्पांनीच विषय काढला, मी नाही. उरलेल्या लूमला गिऱ्हाईक आलंय पण तो पण किलोचाच भाव सांगतोय, जेकार्ड चालू स्थितीत आहे, तुझा तो शाळेतला मित्र टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे ना, त्याला विचार चालू लूम म्हणून कुणी घेतंय का.

आणि अजून एक, हे फक्त तुझ्या माझ्यात. मामा गेल्याचं मी भिवंडीला कळवलं. कळवायला नको होतं असं पप्पा म्हणाले, पण मला वाटलं तिला कळू दे की आता कोपऱ्यावर कुणी नसणार. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली बायकोला पेन्शन वगैरे काही आहे का. आणि मग घाबरत घाबरत म्हणाली, त्यांच्या मोबाईलमध्ये माझे फोटो असतील, मुलीच्या फेसबुकवरनं घेतलेले, जुने पण असतील, ते कुणाच्या हाती लागू नयेत. मला ते काय जमत नाही, छोटीला सांगायची इच्छा नाही. मोबाईल माझ्या कपाटात ठेवलाय, बंद करून. तू आलास की ते सगळे काढून टाक, त्या गुगलवर पण जातात म्हणे आपोआप, तिथलेही काढ. उघडून बघत बसू नकोस. तळ्याकाठचा एक कागदी फोटो त्याच्या पाकिटात होता, तो मी तिलाच पोस्टानं पाठवतेय, पत्ता बरोबर इंग्रजीत लिहून पाठव, पिनकोड 421 पासून सुरू होतो तेवढंच मला आठवतंय.

तिकीट झालं की मेसेज कर.

तुझी,
आई